जिम्नीचे टायर: २१५/७५ की २३५/७५?

मारुतीच्या जिम्नीचं इंजिन १४६२ सीसीचं, टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) फक्त १३४ न्यूटन-मीटर. त्यामुळे टायर वाढवताना हात आखडताच बरा.

कंपनीचा १९५/८० आर१५ टायर (रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १५ इंची) ६९३ मिमी उंच. २१५/७५ घेतला तर ७०४ मिमी, म्हणजे जेमतेम दीड टक्का जास्त. लिफ्ट (स्प्रिंग-शॉक बदलून बॉडी उंच करणं) लागत नाही, पिकअप पडल्यासारखा वाटत नाही. पण डिफरेन्शियलखाली (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, गाडीचा सगळ्यात खालचा भाग) जादा मिळतात फक्त ५ मिमी.

२३५/७५ चा टायर ७३४ मिमी. डिफरेन्शियल २० मिमी वर जातो. खडकांत हे खरंच जाणवतं. (नुसत्या लिफ्टने तो मिलिमीटरभरही उचलला जात नाही, बॉडी तेवढी उंच होते.) पण गिअरिंग सुमारे ६ टक्के लांबतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि इंजिनावर भार वाढतो: घाटात एक गिअर खाली यावं लागतं आणि मीटरवर ८० दिसतात तेव्हा गाडी जवळपास ८५ ने पळत असते. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर बंपरच्या कोपऱ्याला घासतो, म्हणून ५० मिमी लिफ्ट. तिचा खर्च स्प्रिंग-शॉकवर थांबत नाही. कॅस्टर (चाकं सरळ ठेवणारा, स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन हायवेवर स्टिअरिंग भरकटतं, त्याला तो कोन परत आणणारे कॅस्टर बुश हवेत. अ‍ॅक्सल बाजूला सरकतो, त्याला अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (बॉडी आणि अ‍ॅक्सल जोडणारा आडवा दांडा, लांबी बदलता येणारा). ब्रेकचे होजही (रबरी नळ्या) ताणले जात नाहीत ना, हे चाक पूर्ण लोंबकळवून बघा.

रोज ऑफिस आणि पावसाळ्यात चिखल एवढंच असेल, तर २१५ घ्या.