पाकाचा तापमापक : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी केकचे साचे आणि बटर पेपर आणण्यासाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेले होते. तिथे एका दुकानात पेनासारखा दिसणारा डिजिटल तापमापक ४५० रुपयांना मिळाला आणि फारसा विचार न करता मी तो घेतला. मनात होते ते पाकातले रव्याचे लाडू. एका दिवाळीला ते फोडायला बत्ता लागावा इतके कडक झाले होते आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला वळताच येईनात, म्हणून शेवटी वाटीत घालून चमच्याने खाल्ले. लाडवात बाकीचे सगळे मोजून घेता येते, पाक मात्र नजरेवर आणि बोटांवर सोडावा लागतो आणि माझी बोटे त्या बाबतीत विश्वासार्ह नाहीत, हे एव्हाना घरात सर्वमान्य झाले होते. आता चौदा महिने झाले आहेत. मधल्या काळात दोन दिवाळ्या आणि एक संक्रांत होऊन गेली आणि पाव व चिक्कीचे असंख्य प्रयोगही झाले, तेव्हा या उपकरणाबद्दल सविस्तर लिहायला हरकत नाही.

वस्तू साधी आहे. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची स्टीलची अणकुचीदार कांडी, तिच्या डोक्यावर आकडे दाखवणारी छोटी पट्टी आणि दोन बटणे, आत घड्याळात असते तशी बटणाएवढी बॅटरी आणि वर प्लॅस्टिकची टोपणनळी. उणे ५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान त्यावर दिसते. नळीवर मांस किती अंशांवर शिजते त्याची यादी छापलेली आहे. आमच्या स्वयंपाकघरात ती निरुपयोगी असल्यामुळे मी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून आमच्या पाकांचे आकडे लिहिले. ती पट्टी मूळ यादीपेक्षा मोलाची ठरली, पण तो मजकूर पुढे येईलच.

घरी आल्यावर पहिली परीक्षा म्हणून पातेल्यात पाणी खळखळून उकळले आणि कांडी बुडवली. आकडा ९८ च्या आसपास येऊन थांबला. पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेत पाठ केलेले असल्यामुळे उपकरण सदोष आहे अशी माझी खात्री झाली आणि दुसऱ्या दिवशी मी ते परत करायला गेले. दुकानदारांनी ते हातातही घेतले नाही. "मॅडम, पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. शंभर हवं असेल तर मुंबईला जाऊन उकळा," एवढे बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. बोलण्याची पद्धत अस्सल पेठेतली असली, तरी माहिती बिनचूक होती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने खाली येतो. महाबळेश्वराला तर तो ९५-९६ पर्यंत उतरतो. खात्रीसाठी मी बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र करूनही मोजले. तिथे शून्याच्या अर्ध्या अंशाआत आकडा आला आणि परतीचा विषय संपला.

हे दोन अंश क्षुल्लक वाटतील, पण पाकात त्यांनाच सर्वाधिक महत्त्व आहे. साखरेत पाणी घालून उकळू लागले की पाणी वाफेने निघून जाते, साखरेचे प्रमाण वाढत जाते आणि ते जितके वाढते तितका पाकाचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. याचा अर्थ पाकाचे तापमान हे त्यात किती पाणी शिल्लक आहे याचेच माप असते. बोटांत तार धरून आपण तेच पाहत असतो, फक्त वेगळ्या मार्गाने. इंग्रजी पाककृतींत मऊ गोळी ११२ ते ११६ अंशांवर आणि मोडताना कट् आवाज येणारी अवस्था १४६ ते १५४ अंशांवर दिलेली असते. ते आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुण्यात त्या प्रत्येकातून दोन वजा करावे लागतात, अन्यथा पाक एक पायरी पुढे निघून जातो.

आमच्या पाकांचे आकडे मी सासूबाईंच्या बोटांवरून ठरवले. त्या गॅसपाशी उभ्या राहून अंगठा आणि तर्जनी यांत थेंब धरून तार पाहत आणि "झाला गं" म्हणत, त्या क्षणी मी आकडा लिहून घेत असे. पाच-सहा वेळा केलेल्या या नोंदींत एकतारी पाक १०३ ते १०५ अंशांदरम्यान आला, दोनतारी १०७ ते १०९ दरम्यान, तर नारळाच्या वड्यांचा गोळीबंद पाक ११० ते ११३ या पट्ट्यात. एकतारी आणि दोनतारी यांत जेमतेम तीन-चार अंशांचे अंतर आहे हे पाहिल्यावर माझ्या लाडवांची दोन्ही वर्षांची दुर्दशा समजली. त्यातही गंमत अशी की पाक बराच वेळ १०१-१०२ वर रेंगाळतो, माणूस कंटाळून वेलची कुटायला वळतो आणि तेवढ्यात तो भराभर चढून १०८ वर पोचलेला असतो. पाणी जसजसे कमी होते तसतसा चढण्याचा वेग वाढतो, त्यामुळे १०२ दिसल्यानंतर ओट्यापासून हलायचे नाही असा नियमच मी केला आहे. शिवाय जाड बुडाच्या कढईत गॅस बंद केल्यावरही आकडा एखादा अंश वर जातो, म्हणून लाडवांसाठी मी १०३ लाच गॅस बंद करते. या दिवाळीचे लाडू दोन्ही खेपांना एकसारखे झाले. असे यापूर्वी कधी झाले नव्हते.

मात्र या उपकरणाची खरी अडचण आकड्यांत नसून आपल्या भांड्यांत आहे. तापमान टिपणारा भाग कांडीच्या टोकाशी असतो आणि तो किमान दोन-अडीच सेंटिमीटर बुडालेला असावा लागतो. आपण दोन वाट्या रव्याला दीड वाटी साखरेचा पाक करतो, तोही पसरट कढईत, जिथे पाकाची खोली बोटभरही नसते. अशा वेळी टोक बुडाला टेकते, पाकाऐवजी धातूचे तापमान दिसते आणि आकडा आठ-दहा अंशांनी फुगतो. पहिल्या महिन्यात याच कारणाने माझा एक घाणा कच्च्या पाकाचा झाला. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे अरुंद आणि उभे पातेले. मी तुळशीबागेतून लहान तोंडाचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले आणले आणि पाक आता त्यातच करते. कोणाकडे कल्हई केलेले पितळी किंवा तांब्याचे उभे भांडे असेल तर तेही उत्तम चालते. कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते आणि पाक कधीच तिथवर जात नाही, मात्र असे भांडे रिकामे गॅसवर विसरू नये.

चिक्कीसाठी मात्र मी हा तापमापक निःसंकोचपणे सुचवीन. मंडईत चिक्कीचा गूळ म्हणून जो वेगळा गूळ मिळतो, तोच घ्यावा. तो वितळू लागला की फेस येतो, रंग मुळातच गडद असल्याने डोळ्यांना फरक कळत नाही आणि वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून पाहीपर्यंत कढईतला पाक करपायला लागलेला असतो. गुळात साखरेखेरीज इतर शर्करा आणि क्षार असल्यामुळे तो साखरेपेक्षा लवकर जळतो, त्यामुळे इथे मोकळीक फार कमी असते. माझ्या अनुभवात १४० अंशांच्या खाली उतरवलेली चिक्की दाताला चिकटते आणि १५० च्या पुढे कडवटपणा येतो. मी १४४ ला गॅस बंद करून चिमूटभर खाण्याचा सोडा आणि गरम ठेवलेले भाजलेले दाणे घालते. दाणे गार असले तर पाक लाटण्याआधीच गोठतो, ही चूक मीही केली आहे. जुलैत केलेली चिक्की आकडा बरोबर असूनही तासाभरात ओलसर झाली. हवेतला ओलावा साखर शोषून घेते आणि त्याला कोणतेच उपकरण आवर घालू शकत नाही.

कॅरॅमल कस्टर्डच्या साखरेला त्याची गरज पडत नाही, तिथे रंग पुरेसा बोलका असतो. संक्रांतीच्या हलव्याला तर तो पूर्णपणे बिनकामाचा आहे. परातीत तीळ घेऊन मंद आचेवर चमचा-चमचा एकतारी पाक सोडत, बोटांनी हलवत राहायचे आणि हळूहळू काटा येऊ द्यायचा, या कामात परात किती गरम आहे हे तळहाताला कळते आणि कांडी खुपसायला जागाच नसते. सुरुवातीचा एकतारी पाक मोजण्यापुरता काय तो त्याचा उपयोग.

पावाच्या बाबतीत त्याने दोन गोष्टी सुधारल्या. यीस्ट भिजवायचे पाणी ४० अंशांच्या आसपास असावे लागते आणि मी ज्याला कोमट म्हणत होते ते प्रत्यक्षात ५५ निघाले. यीस्ट मरण्याच्या अगदी उंबरठ्यावरचे ते पाणी होते. दुसरे म्हणजे पाव भाजून झाला का हे वरच्या रंगावरून ठरवणे सोडून मी मध्यभागी कांडी खुपसते आणि ९३ ते ९५ दिसले की बाहेर काढते. ओटीजीच्या, म्हणजे विजेवरच्या छोट्या भट्टीच्या, आतली उष्णता मोजायला मात्र हा चालत नाही, कारण त्याचे प्लॅस्टिकचे डोके आत वितळेल. त्यासाठी जाळीवर उभा राहणारा धातूचा वेगळा तापमापक लागतो.

आता दोष. दहा मिनिटांनी तो आपोआप बंद होतो, आणि पाक करताना नेमका शेवटच्या मिनिटाला बंद पडण्याची त्याला खोड आहे. आकडा स्थिर व्हायला सात-आठ सेकंद लागतात. पाकाला ते चालते, पण चिक्कीच्या शेवटच्या टप्प्यात तेवढा वेळही जड जातो. पातेल्याला अडकवण्याची चिमट नसल्याने तो हातात धरून बसावे लागते आणि वाफ थेट त्याच्या डोक्यावर येते. पावसाळ्यात आकड्यांच्या पट्टीच्या आत एकदा दव साचून आकडे दिसेनासे झाले होते, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर पुन्हा सुरू झाला. तो नळाखाली धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसावा लागतो आणि साखर वाळली तर कांडी गरम पाण्यात उभी करून ठेवावी लागते.

तुलनेसाठी मी आणखी दोन प्रकार वापरून पाहिले. काचेची उभी नळी आणि चिमट असलेला तापमापक पातेल्याला अडकून राहतो आणि बॅटरी मागत नाही, पण त्याला पाकाची खोली आणखी जास्त लागते. गरम पाकातून काढून ओल्या ओट्यावर ठेवला की काच तडकण्याची भीती आहेच आणि बारीक रेघांवरचा आकडा चष्म्याशिवाय वाचता येत नाही. भाच्याकडून आणलेले इन्फ्रारेडचे पिस्तूल झटपट आकडा देते, परंतु ते फक्त वरच्या थराचे तापमान दाखवते आणि चकचकीत स्टीलवर रोखले तर भलताच आकडा सांगते. तव्यासाठी ते ठीक आहे, पाकासाठी नाही.

महिन्यातून एखादा गोड पदार्थ करणाऱ्या घराने ४५० रुपये खर्च करावेत का, असे मला विचारले तर चिक्की किंवा पाकातले लाडू घरी होत असतील तर अवश्य, नाही तर नको, असे मी सांगेन. घेताना मात्र आपोआप बंद होण्याची वेळ किती आहे ते विचारावे, आकडे मोठे आणि उजेड असलेले घ्यावेत आणि शे-दोनशे रुपये जास्त पडले तरी कांडीपासून वेगळी तार आणि ओट्यावर ठेवायची पट्टी असलेला प्रकार मिळाल्यास तोच घ्यावा. माझा बिघडला की मी तोच घेणार आहे आणि घरी आणल्यावर आधी पाणी उकळून ९८ येतात का ते पाहणार आहे.