जीआरईच्या पडलेल्या स्कोअरनंतर चुकांची वही : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हे लिहायला निमित्त वहीचं नाही, ॲपचं. पहिल्या जीआरईत (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा) क्वांटचा, म्हणजे गणिताच्या भागाचा, स्कोअर सराव चाचण्यांपेक्षा बराच खाली आला, म्हणून मी एका ऑनलाइन प्रश्नसंचाची वर्गणी भरली होती. ती मुदत नुकतीच संपली आणि त्याबरोबर माझ्या चुकलेल्या प्रश्नांची सगळी यादीच कुलूपबंद झाली. नवे प्रश्न बंद केले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझी उत्तरं, मी केलेल्या खुणा, मी लिहिलेल्या टिपा? ग्राहकसेवेला पुन्हा पुन्हा लिहिलं, उत्तर एकच : वर्गणी भरा, सगळं परत दिसेल. भरली नाही आणि भरणारही नाही, कारण त्यातलं कामाचं होतं ते आधीच एका साध्या वहीत उतरलं होतं. वर्गणी घेणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्यावं : माझ्या चुका मला उतरवून घेता येतील का? नाही म्हणाले तर विचार बदला.

आता वहीबद्दल. परीक्षा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे असं धरते. सप्टेंबर 2023 पासूनची छोटी जीआरई, 1 तास 58 मिनिटांची. व्हर्बल (इंग्रजी भाषेचा भाग) आणि क्वांटचे आकडे शेवटी तिथेच पडद्यावर दिसतात आणि मनाविरुद्ध आले की पहिला विचार येतो तो लगेच पुढची तारीख घेण्याचा. 21 दिवसांनी परत बसता येतं, 12 महिन्यांत 5 वेळा. पण माझं ऐकाल तर आधी अर्जाच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठ विभागाचं प्रवेशाचं पान उघडा. करोनानंतर अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली. माझ्या यादीतल्या काहींना स्कोअर नकोच होता. ते कळल्यावर जीव जरा भांड्यात पडला आणि मग अभ्यासाला शांतपणे बसता आलं. शिवाय जीआरईच्या स्कोअरसिलेक्ट या सोयीमुळे कुठल्या वेळचा स्कोअर पाठवायचा हे आपल्याच हातात असतं. एक वाईट दिवस पुढची 5 वर्षं सगळीकडे मिरवत फिरत नाही.

वहीत रकाने चार : पूर्ण प्रश्न, माझं उत्तर, चुकण्याचं कारण, पुढच्या वेळी काय करायचं. खरी वही म्हणजे तिसरा रकाना. बाकीचे अर्धवट राहिले तरी चालतात, हा नाही. त्यात ‘सिली मिस्टेक’, ‘घाईत झालं’, ‘लक्ष नव्हतं’ असलं काही लिहायचं नाही, हा नियम मी फार कडक पाळला. यातल्या एकाही शेऱ्यावर दुसऱ्या दिवशी काही करता येत नाही.

एक नोंद जशीच्या तशी सांगते. तुलनेचा प्रश्न : एक्स शून्यापेक्षा मोठा; एका बाजूला एक्सचा वर्ग, दुसऱ्या बाजूला नुसता एक्स; मोठं कोण? माझं उत्तर ‘वर्ग मोठा’. कारणाच्या रकान्यात : ‘2 आणि 3 घालून पाहिले, तिथेच थांबले.’ 1 घातला असता तर दोन्ही बाजू सारख्या, अर्धा घातला असता तर वर्ग चक्क लहान. म्हणजे उत्तर ‘ठरवता येत नाही’. चौथ्या रकान्यात : ‘अट बघून 0, 1, अपूर्णांक, ऋण संख्या, सगळे घालून बघ.’ पुढची पानं उलटली तर हेच कारण वेगवेगळ्या वेषात सापडत गेलं, कधी असमानतेत, कधी घातांकात, कधी सरासरीच्या प्रश्नात. ॲपच्या रंगीत आलेखात हे तीन वेगळे धडे होते आणि तिन्हींत मी ‘बरी’ होते. वहीत ते एकच दुखणं होतं.

सुरुवातीला मी फक्त चुकलेले प्रश्न उतरवत होते. नंतर मत बदललं. अंदाजाने बरोबर आलेले आणि वेळ खाऊन बरोबर आलेले प्रश्नही लिहायला लागले आणि वहीचा खरा उपयोग तिथून सुरू झाला. क्वांटच्या पहिल्या भागात 12 प्रश्नांना 21 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटं. एका भागातल्या सगळ्या प्रश्नांना वजन सारखंच. चार मिनिटं झगडून मिळवलेलं बरोबर उत्तर शेवटच्या दोन सोप्या प्रश्नांचा बळी घेत असेल तर तो तोटाच. त्यात पहिल्या भागावरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणजे तो फटका पुढेही जाणवतो. उपाय साधा आहे : काहीतरी उत्तर निवडायचं (चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत), खूण करायची, पुढे जायचं, वेळ उरला तर परतायचं.

व्हर्बलला वहीचा काय उपयोग, तिथे शब्दच पाठ करायचे, असं मला ठामपणे वाटत होतं. तेही टिकलं नाही. रिकाम्या जागांच्या एका प्रश्नात सगळे पर्याय माझ्या ओळखीचे होते आणि तरी उत्तर चुकलं. कारण : ‘सुरुवातीचा ऑल्दो (जरी) धरला नाही, दुसऱ्या अर्ध्यात उलट अर्थ हवा होता.’ तीन जागांच्या प्रश्नात दोन बरोबर आल्या तरी अर्धा गुण मिळत नाही, त्यामुळे असा एक शब्द सुटला की सगळंच जातं. ॲपने मात्र माझा शब्दसंग्रह कमी आहे असं ठरवून आणखी शब्दांची कार्डं पाठवली. याचा मला अजूनही राग आहे.

वहीच्या अडचणीही आहेत. शोधता येत नाही. आकृत्या आणि आलेख उतरवण्यात वेळ जातो, मी शेवटी प्रिंट काढून चिकटवले. आणि नुसती वाचून काहीच होत नाही. उत्तर झाकून प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावा लागतो, तोही काही दिवसांच्या अंतराने. पॉवरप्रेपच्या (परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच सराव चाचण्या) दोन मोफत चाचण्या यासाठी खर्च करू नका. त्या परत दिल्या तर प्रश्न तेच येतात आणि फुगलेला स्कोअर बघून फसायला होतं.

दुसऱ्यांदा क्वांट चांगलं वर गेलं, मला हवं होतं तिथवर. व्हर्बल थोडंच हललं. परीक्षेतला तिसरा भाग, निबंध, होता तिथेच आहे, कारण आपल्याच युक्तिवादातली भोकं आपल्याला दिसत नाहीत आणि रकान्यात लिहायला कारणच सापडत नाही. निबंधासाठी वाचून तोंडावर खरं सांगणारा माणूस शोधा.