रुग्णालय आम्ही निवडलेच नव्हते

गेल्या आषाढात पेडण्याच्या घरी माझी आई न्हाणीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिला उठताच येईना. 108 ला फोन करण्याचेही भान मला राहिले नाही. शेजाऱ्यांनी ओळखीची खासगी रुग्णवाहिका बोलावली. म्हापशाचे जिल्हा रुग्णालय मागे पडल्यावर चालक म्हणाला, "बाय, बांबोळीला आज खाट मिळायची नाही. मी नेतो तिथे दीनदयाळ कार्ड चालते." त्याच्या स्वरात इतकी आपुलकी होती की बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात, विचारून खात्री करावी, हे मला सुचलेच नाही.

त्या खासगी रुग्णालयात कार्डाची, म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेच्या कार्डाची, झेरॉक्स घेतली आणि योजनेची मंजुरी येईपर्यंत अनामत म्हणून 40,000 रुपये भरून घेतले. आई स्ट्रेचरवर कण्हत असताना माझ्यापुढे तीन इंग्रजी कागद आले आणि काउंटरवरच्या मुलीने बोट ठेवले तिथे मी सह्या केल्या. खुब्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. परंतु सहाव्या दिवशी 1,85,000 रुपयांचे बिल हाती पडले, तेव्हा कळले की त्यातल्या एका कागदावर योजनेचा लाभ नको, असे मीच लिहून दिले होते. मंजुरीसाठी अर्ज कधी गेलाच नव्हता. या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. घरात आम्ही दोघीच, आणि कार्डावरचा एक रुपयाही खर्च झालेला नव्हता. मामांनी चालकाला गाठले, तेव्हा रुग्ण पोचवल्याबद्दल आपल्याला पैसे मिळतात, हे त्याने सरळ कबूल केले. रुग्ण पाठवण्यासाठी दलाली देणे-घेणे डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेने निषिद्ध आहे.

कृपा करून रुग्णालय योजनेच्या यादीत आहे एवढ्यावर विसंबू नका. तुमच्या रुग्णावरचा नेमका उपचार तिथे योजनेत बसतो का आणि मंजुरीचा अर्ज गेला का, हे सही करण्यापूर्वी विचारा. रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात, असाही त्याच आचारसंहितेत नियम आहे, म्हणून मी लेखी अर्ज करून ती मिळवली. माझ्या सहीच्या वर "मजकूर कोणत्या भाषेत समजावला" असा रकाना आहे आणि त्यात "मराठी" लिहिलेले आहे. मला कोणीही, कोणत्याही भाषेत, काहीही समजावले नव्हते. माझी तक्रार त्याच रकान्यावर आहे.