लग्नातले पाहुण्यांच्या मोबाईलमधले फोटो गोळा करायला गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम – आमचा अनुभव

ताईचं लग्न मे महिन्यात लातूरला झालं, औसा रोडच्या एका कार्यालयात, आणि पाहुण्यांनी काढलेले फोटो जमवायला मी गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम वापरला. ५ पैकी ४ स्टार.

दादाच्या लग्नात सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं होतं. तिथं फोटो दाबून बारीक होतो, मोठी प्रिंट काढली की चेहरे फाटतात, आणि फोटो कधी काढला ती तारीख-वेळ पण निघून जाते त्यामुळं हळद, वरात सगळ्याचा काला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणलं तर भावकीतल्या चार पोरांनी ऐकलं, बाकीचे "पाठवलेत की" म्हणून मोकळे.

शेअर्ड अल्बमचं सोपंय. अल्बम करायचा, दुसऱ्यांना पण फोटो टाकता येतील असं सेटिंग चालू करायचं, लिंकचा क्यूआर काढायचा. एका अल्बमात २०,००० फोटो-व्हिडिओ बसतात आणि पाहुण्यानं टाकलेला फोटो त्याच्याच गूगल अकाउंटच्या फुकट १५ जीबी जागेत मोजतात, आपण तो सेव्ह करून घेतला तरच आपली जागा खातो.

मी क्यूआर छापून पाण्याच्या जारजवळ, रुखवताच्या टेबलावर आणि पंगतीच्या दारात चिटकवला, तर पहिल्या तासात एक फोटो नाही. मामा विचारतेत, "आहेर हितंच टाकायचा का गं माय?" क्यूआर दिसला की माणसं पैशाचाच समजतात, आणि अनोळखी कोडला हात लावत नाहीत ते बरोबरच करतात. मग मार्करनं मोठ्या अक्षरात "पैसे नाही, लग्नातले फोटो टाका" लिहिलं, खाली नवरा-नवरीची नावं, तवा कुठं गाडी सुरू झाली.

एक स्टार कापला तो लॉगिनसाठी. फोटो टाकायला गूगल अकाउंट लागतंच, मावशी-काकूंना पासवर्ड कुठला आठवायला, त्यांच्याजवळ बसून चुलतभावानं एकेकीचे फोटो टाकून दिले, असं एक पोरगं आधीच ठरवून ठेवा. आणि लिंक ज्याच्याकडं आहे त्याला सगळंच दिसतं, म्हणून बायकांच्या हळदीचा अल्बम वेगळा करा, त्याची लिंक फक्त घरच्यांना.

स्टुडिओवाल्याचा कॅमेरा स्टेज सोडून हलत नाही. अंतरपाट, अक्षता, मुंडावळ्या सगळं सुंदर आलंय त्यात. पण शेवटची पंगत उठल्यावर आचाऱ्याच्या भट्टीजवळ पालथ्या क्रेटवर बसून आमचे अप्पा एकटे वरण-भात खातायत, फेटा काढून मांडीवर ठेवलाय, आचारी वाकून वाढतोय, हा फोटो अल्बममुळंच मिळाला. दिवसभर ज्याला त्याला "माझं झालंय, तुम्ही बसा" म्हणत होते. काढणारा पोरगा दाजींच्या गावाकडचा, आमची ओळख पण नव्हती, अल्बमात त्याचं नाव दिसलं म्हणून कळलं. ताईला दाखवला तर ती फोनवर कितीतरी वेळ बोललीच नाही. तेवढाच आम्ही फ्रेम करून घेतला, जराही फाटला नाही.

लिंक लगेच बंद करू नका. आमची अजून चालू ठेवलीय, परवाच आत्याच्या नातवानं वरातीचे अकरा फोटो टाकले.