सहा तोळ्यांचा येल आणि आईचं दंतमंजन

लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं हवं, एवढ्यावरून लंडनमधल्या हाउन्स्लोच्या घरात सुरू झालेलं हे प्रकरण सोळा महिन्यांत सात नाण्यांवर गेलंय. मालिका रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, ‘क्वीन्स बीस्ट्स’. 2016 ते 2021 या काळात निघाली. राजघराण्याच्या ढालींवरचे दहा प्राणी, नि शेवटी दहाही एकत्र असलेलं अकरावं नाणं.

मी घेतो ती दोन औंसांची, 999.9 शुद्धतेची, म्हणजे 62.2 ग्रॅम. हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने सहा तोळे नि वर थोडं. घेर कॅरमच्या स्ट्रायकरहून जरा लहान, पण वजन त्याच्या चौपट आणि जाडी सहा मिलिमीटर. पाहुण्याच्या तळहातावर ठेवलं की हात हमखास खाली जातो. मग मी हसतो.

पहिलं घेतलं ते ‘येल ऑफ बोफर्ट’. कारण क्यू गार्डन्स या लंडनच्या वनस्पती उद्यानात पाम हाउससमोर हेच दहा प्राणी दगडात उभे आहेत, आणि लेकीने त्यातल्या येलकडे बोट दाखवून “हा बोकड का?” असं विचारलं होतं. मूळ प्लास्टरचे पुतळे जेम्स वुडफर्ड यांनी राणी एलिझाबेथच्या 1953च्या राज्याभिषेकासाठी केले होते. येल हा काल्पनिक प्राणी. त्याची शिंगं म्हणे हवी तशी फिरतात, एक पुढे तर एक मागे. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ बघत मोठं झालेल्याला हे काही नवीन नाही. नाण्याचे कलाकार जोडी क्लार्क यांनी तो उठावात असा घेतलाय की दिव्याखाली नाणं तिरकं केलं की शिंगाची सावली पडते. नाण्याच्या दुसऱ्या बाजूची राणीही त्यांच्याच हातची.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर थांबा. इथे नव्या चांदीवर 20 टक्के व्हॅट आहे. घेतल्या दिवशीच तुम्ही तेवढे मागे. म्हणून मी जुनी घेतो, तिथे व्हॅट फक्त विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो. ब्रिटिश चलन असल्याने विकताना भांडवली नफ्यावर कर नाही, पण आधी नफा तर व्हायला हवा!

जुनं घेताना पाकीट बघा. एका विक्रेत्याने याच मालिकेतला ग्रिफिन (गरुडाचं तोंड, सिंहाचं अंग) मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पाठवला. दोन महिन्यांनी काढला तर कडेला हिरवट चिकटा. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवला, न चोळता उचलला, तेव्हा गेला. तेव्हापासून आल्या आल्या कडक कॅप्सूल, म्हणजे नाण्याची प्लास्टिकची डबी. नेहमीची एक औंसाची चालत नाही, जाडीमुळे झाकण बसतच नाही.

याच मालिकेतल्या लाल ड्रॅगनचं मात्र मीच वाटोळं केलं. दिवाळीनंतर तो कॅप्सूलबाहेर देव्हाऱ्यातच राहिला आणि पिवळा पडून काळवंडला. आई पुण्याहून आली होती. तिने काही न बोलता तो निरांजन-पळीबरोबर दंतमंजनाने घासून काढला. मी ऑफिसातून आलो तर नाणं लखलखतंय! भिंगाखाली धरलं, पंखांवर बारीक बारीक ओरखडे. आता तो चांदीच्या भावानेच जाणार.

“एवढं काळं झालेलं लक्ष्मीपुढे ठेवायचं?” आई म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो ड्रॅगन आता कायमचा देव्हाऱ्यात असतो, पालथा. राणी वर. जनावराला नमस्कार करायचा नाही, हेही आईनेच ठरवलं.