शुगरवाल्यांना चालणारा गूळ

मी लातूरची सून. गुळाच्या पेठेत राहून गुळातच फसले, म्हणून घरचे अजून हसतात. तुम्हीही हसा, पण पूर्ण वाचा.

मे महिन्यात बार्शी रोडला एक जीप उभी दिसली. वर छत्री, पुढं पुठ्ठ्यावर लिहिलेलं: 'शिंदीचा अस्सल गूळ. शुगरवाल्यांना चालतो.' शिंदी म्हणजे रानखजुराचं झाड, त्याचा रस आटवून हा गूळ करतात. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, १२ वर्षांपासून शुगर आहे. बिनसाखरेच्या चहाला त्या इतक्या कावल्यात की मी पाटी वाचली आणि स्कूटी थांबवलीच.

"ताई, परवाच कढई उतरवली. शंभर झाडं हायेत शेतात," म्हणत त्यानं हातावर खडा ठेवला. काळपट, मऊ, गोड. ४५० रुपये किलो. मी तीन किलो घेतला. पावती मागितली तर म्हणाला, "शेतकऱ्याकडं कुठली पावती, ताई?" उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आत्याबाई खूश. दिवसाला तीन कप गुळाचा चहा, जेवणावर एक खडा. अठराव्या दिवशी उपाशीपोटी शुगर २३८ निघाली, एरवी दीडशेच्या आत असते. डॉक्टरांनी "काय काय खाल्लं?" विचारलं आणि आम्ही सासू-सुना एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो.

माझं माहेर देगलूरकडचं. चुलत्यांनी लहानपणी शिंदी उतरवताना पाहिलेली. त्यांना फोन केला तर पहिलाच प्रश्न: "बाई, मे महिन्यात शिंदीचा गूळ? शिंदी थंडीत पाझरते." मग सुरूच झाले. शेंड्याजवळ खोड तासून खाच पाडायची, संध्याकाळी मडकं बांधायचं. मडक्याला आतून चुना फासलेला पाहिजे, नाहीतर नीरा रातोरात आंबून तिची ताडी होते. दिवस उगवायच्या आत मडकं खाली आणि त्याच सकाळी रस चुलीवर. आठ-दहा लिटर आटवावी तेव्हा कुठं किलोभर गूळ. "अन् झाडं छेदायला एक्साइजचा परवाना लागतो. त्याला म्हणावं, तो दाखव!"

बंगालात खजुराचा गूळ म्हणतात तो याच शिंदीचा, तोही हिवाळ्यातलाच. उन्हाळ्यात रस देतो तो ताड. त्याची तमिळनाडूत 'करुपट्टी' करतात, नारळाच्या करवंटीत ओतून, म्हणून वड्या अर्ध्या करवंटीसारख्या दिसतात. चव खारटसर, किंचित धुरकट. माझ्या जीपवाल्याची ढेप चौकोनी होती आणि चवीला आपला उसाचाच गूळ, फक्त काळा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण 'काळा म्हणजे अस्सल' हे आपल्या डोक्यात कुणी भरवलंय कोण जाणे.

पिशवीवर लायसन्स नंबर छापलेला होता. फूड लायसन्सचा नंबर १४ आकडी असतो. मी बोट ठेवून तीनदा मोजले, १३ भरले.

पण खरी लबाडी उसाची नव्हती. त्यानं मला खराखुरा शिंदीचा गूळ दिला असता तरी आत्याबाईंची शुगर चढलीच असती, कारण ताडाचा असो की शिंदीचा, गुळात बहुतेक साखरच असते. थोडी खनिजं जास्त, एवढंच. पाण्यात विरघळवून बघा, जाळून बघा असले घरगुती उपाय लोक सांगतात. त्यानं ऊस की शिंदी हे कळत नाही, दोन्हीकडं साखर तीच. प्रयोगशाळेत कार्बनवरून ऊस ओळखता येतो, पण तीन किलोसाठी तिथं कोण जाणार?

जीप दुसऱ्या आठवड्यात गायब. फोन नंबर बंद. १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार करायला गेले तर तिकडून पहिली मागणी बिलाची. तेवढ्यासाठी तरी पावती घ्या हो, आणि देत नसेल तर तिथूनच मागं फिरा.

उरलेला दोनेक किलो डब्यात तसाच पडून होता. पोळ्याला पुरणात घातला. पोळ्या झकास झाल्या, बैलांनीही नाव ठेवलं नाही. आत्याबाईंना मात्र पोळी दिली नाही, म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.