शेळ्यांचे जंत : पुडी की बाटली?

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानात जंताचं औषधही घालायचं, हे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत शेळ्या ठेवणाऱ्यांना सांगावं लागत नाही. अडतं ते कोणतं घ्यायचं यावर. वावडिंग, पळसबी, कडुनिंब कुटून केलेली पुडी, की अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलची बाटली? दोन्ही वापरून झाल्यावर माझा कल एका बाजूला गेला आहे. दुसरी बाजू टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

निवड करताना हिमोंकस डोळ्यासमोर ठेवा. चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा हा जंत. मादी दिवसाला ५ हजारांवर अंडी घालते. आपल्याकडच्या उबदार ओलीत आठवडाभरात त्यांच्या अळ्या गवतावर चढायला तयार होतात आणि शेळीच्या पोटात गेल्यावर साधारण ३ आठवड्यांत त्यांचीही अंडी लेंडीतून पडू लागतात. मिरगाला जमीन भिजली की जुलैच्या मध्यापर्यंत पुढची पिढी तयार. याच्यामुळे सहसा हगवण लागत नाही. पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरतं. ‘लेंडी घट्ट आहे, म्हणजे जंत नाहीत’ हा हिशेब इथेच चुकतो, आणि औषधाला किती दिवस लागतात याला इथेच किंमत येते.

पुडीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वावडिंग आणि पळसबी जंतांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. प्रयोगशाळेतल्या बशीत यांचे अर्क अळ्या मारतातही. पण शेळीच्या कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, कित्येक लिटर ऐवज असतो. त्यात चमचाभर चूर्ण पडून चौथ्या पोटापर्यंत पोचताना त्याचा जोर किती उरत असेल, याचं उत्तर पुडीवर नसतं. झाडपाल्याच्या तयार पातळ औषधांवरही पुष्कळदा ‘लहान जनावर’ म्हणून एकच माप छापलेलं दिसतं. १२ किलोची पाट (तरुण मादी) आणि ४० किलोचा बोकड त्यात एकाच रांगेत.

तरीही पुडी माझ्या हातून सुटली ती एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासामुळे. चूर्ण कडू असतं. खुराकात मिसळलं तर शेळी दाणा ओठांनी वेचून खाते आणि भुकटी गव्हाणीच्या तळाशी ठेवते. म्हणून गुळाच्या पाण्यात कालवून पाजायचं. पाण्यात चूर्ण मिनिटभरही तरंगत नाही. पहिल्या दोन शेळ्यांना गुळाचं पाणी मिळतं, शेवटच्या दोघींना चिखल. पिचकारीच्या तोंडात चोथा अडकतो, जोर लावला की तो एकदम सुटतो आणि शेळी ठसकते. फडक्याने गाळलं तर चोथ्याबरोबर औषधही गेलं. शिवाय हे ३ दिवस ओळीने करायचं. दुसऱ्या दिवशी पिचकारी दिसताच कळप कोपऱ्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी दोन-चार जणी हमखास चुकतात. महिन्याने एखादीची पापणी पांढरी दिसली तर औषध कमी पडलं की ते पोटात गेलंच नाही, हे कळायला मार्ग नाही.

बाटलीतलं औषधही तळाशी बसतं, पण दोनदा हलवलं की काम झालं, तेही एकदाच. २.५ टक्के अल्बेंडाझोलमध्ये एका मिलीत २५ मिग्रॅ औषध असतं. किलोला १० मिग्रॅ धरलं तर २५ किलोच्या शेळीला १० मिली. लेबलवर पुष्कळदा मेंढीचं माप असतं, किलोला ७.५ मिग्रॅ. शेळीचं यकृत औषध लवकर निपटतं, म्हणून तिला मेंढीपेक्षा जास्त लागतं. नेमका आकडा पशुवैद्याकडून घ्या, कारण लेव्हामिसोलसारख्या औषधात पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत फार अंतर नसतं. वजन अंदाजाने धरू नका, ताणकाट्याला टांगा. पाजताना मान वर ओढायची नाही, तोंड जमिनीला समांतर ठेवायचं. गालाच्या कडेला दात नसतात तिथून नळी घालून जिभेच्या मुळाशी हळू सोडायचं.

गाभण शेळीसाठी बहुतेक जण पुडीकडे वळतात. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळायचं, हे खरंच आहे. पण वावडिंग आयुर्वेदातल्या गर्भनिरोधक योगातही आहे आणि पपईच्या बियांचा लौकिकही काही वेगळा नाही. झाडपाला म्हणजे निर्धोक, ही समजूत इथे महागात पडू शकते. या काळात फेनबेंडाझोल जास्त बिनघोर मानतात. दूध विकत असाल तर पुडीची बाजू नक्कीच उजवी, कारण बाटलीनंतर लेबलवर लिहिलेले दिवस दूध बाजूला काढावंच लागतं.

बाटलीचा दोष मात्र मोठा आहे. दर ३ महिन्यांनी सगळ्या कळपाला तेच औषध पाजत राहिलं की त्याला न जुमानणारे जंतच मागे उरतात. अल्बेंडाझोलचं तसं पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे. तपासायचं असेल तर पाजण्याआधी आणि १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या, गुदद्वारातूनच काढून, थंड डब्यातून पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत न्या. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर औषधाचा गट बदलायला हवा. म्हणून सरसकट पाजण्यापेक्षा पावसात दर १५ दिवसांनी पापणी पाहणं बरं. पापणीच्या आतल्या रंगावरून अंगात रक्त किती आहे ते ताडायच्या ‘फमाचा’ तक्त्यात लालपासून पांढऱ्यापर्यंत ५ छटा असतात. पहिल्या दोन, लाल आणि लालसर गुलाबी छटांना सोडून द्या. चौथ्या-पाचव्या छटेला पाजाच, तिसरीला शेळी खंगलेली किंवा गाभण असेल तर. पापणी उघड्या उजेडात पाहा. गोठ्याच्या पत्र्याखाली सगळ्याच फिक्या दिसतात. वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) ओल्या शेतात चरणाऱ्या कळपाला यकृतातला पर्णकृमीही असू शकतो. त्याचं औषध वेगळं. करडांच्या रक्ती हगवणीत कॉक्सिडिया (आतड्यातला एकपेशीय परजीवी, जंत नव्हे) असेल तर पुडी आणि बाटली दोन्ही निरुपयोगी.

झाडपाल्यावर विश्वास असेल तर तो कुटून पाजण्यापेक्षा टांगून खाऊ घाला. फणस, पेरू यांच्या पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते जंतांना मानवत नाही. त्याहून मोठा फायदा उंचीचा आहे. अळ्या बहुतेक गवताच्या बुंध्यापासून चार बोटांतच असतात. शेळीच्या खांद्याच्या उंचीवर बांधलेल्या डहाळीला त्या पोचत नाहीत. सड्यावरची (जांभ्या दगडाच्या माळावरची) झुडपं ओरबाडणाऱ्या शेळ्या बांधावरचं आखूड गवत खाणाऱ्यांपेक्षा पावसात बऱ्या राहतात, त्यामागे हेही एक कारण असावं. सकाळी दव सुकायच्या आत मात्र कुठेच सोडू नका.

पाजलेल्या शेळीच्या शिंगाला रंगाची रेघ मारा, तारीख वहीत टिपा. मिरगापासून गणेशचवथीपर्यंत जिला तीनदा बाटली लागली, ती विकून टाका. जंत सोसण्याची ताकद थोडीफार रक्तातूनही येते, तेव्हा तिची पाटही पैदाशीला ठेवू नका.